गोगलगायी मरतायत, पण पाणी मुरतंय कुठे?

पत्र

ताई, नमस्कार. ठाण्यात आमच्या फ्लॅटमध्ये १८० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. येत्या दसऱ्याला त्याला वर्ष होईल. क्लाउनफिशची जोडी, एक क्लीनर श्रिंप, एक हर्मिट खेकडा आणि झोअँथिड, मशरूम, लेदर अशी मऊ प्रवाळं आहेत. ही सगळी मंडळी मजेत आहेत. पहिल्या पाच टर्बो गोगलगायीही सहा-सात महिने छान जगल्या. मे महिन्यात केसांसारखं हिरवं शेवाळं माजलं, म्हणून मी फॉस्फेट शोषणारे दाणे लावले, पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणाऱ्या स्किमरचा जोर वाढवला, माशांचं खाणं निम्मं केलं. शेवाळं गेलं. पण जुलैत त्या पाचही गोगलगायी दोन आठवड्यांत मेल्या. त्यानंतर तीनदा तीन-तीन नव्या आणल्या. चार ते दहा दिवसांत त्याही गेल्या. आता एकच उरलीय, ती वाळूवर पडून असते.

नव्या आणायचं कारण म्हणजे वाळूवर आणि दगडांवर चहाच्या रंगाचा चिकट थर येतो. सकाळी दिवे लागण्याआधी टँक स्वच्छ वाटतो, दुपारी चारपर्यंत थर हजर, वर बुडबुडे. दुकानदार म्हणाला, डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळं आहे, गोगलगायी सोडा, खाऊन टाकतील. माझ्या चाचण्या उत्तम येतात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, फॉस्फेट सगळं शून्य, खारटपणा मोजायच्या हायड्रोमीटरवर १.०२५, तापमान २६. मेलेल्या शंखात केसाळ किडे दिसले, सात पकडून फेकले. सोसायटीत जुलैमध्ये डासांसाठी धूरफवारणीही झाली होती. पाण्यात तांबं असेल का? गणपतीला घर भरलेलं असतं, त्याआधी हे सुटेल का? आणि रत्नागिरीला मामाकडे जाणार आहे, तिथल्या खडकांवरच्या गोगलगायी आणल्या तर चालतील?

— गोगलगायींचा अपराधी, ठाणे

उत्तर

अपराधी महाशय, आधी एक काम करा. जी उरलीय तिला आत्ता बाहेर काढा. टँकचंच पाणी एका स्वच्छ बादलीत घ्या, हीटर आणि हवेचा पंप लावा, तिला त्यात ठेवा आणि नोरीचा, म्हणजे त्या सुशीच्या समुद्री शेवाळ्याचा, एक तुकडा दगडाला रबरबँडने बांधून द्या. बादलीचं पाणी दिवसाआड थोडं थोडं नव्या, नीट मोजून कालवलेल्या खाऱ्या पाण्याने बदला. बाकीचं सावकाश वाचा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना मला हसू आलं, रागावू नका. ज्या थराने गोगलगायी मरतायत असा माझा दाट संशय आहे, तोच थर खायला तुम्ही पुन्हा पुन्हा गोगलगायी विकत आणताय. माझ्या मते ते डायटम नाहीत. ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव आहेत, टँकवाल्यांच्या बोलीत ‘डायनो’, आणि त्यातही ऑस्ट्रिओप्सिस नावाची जात असावी. ती विष तयार करते. गोगलगाय ‘पोटात पाय’ असलेली. आपल्या म्हणीत तो टोमणा आहे, पण ग्रीकवरून घेतलेलं तिच्या वर्गाचं शास्त्रीय नावही नेमकं तेवढंच सांगतं, पोट आणि पाय. ज्यावरून ती सरपटते, तेच ती खरवडून खाते. त्यामुळे विषारी थर तिच्या पोटात थेट जातो, श्रिंप आणि क्लाउनफिश मात्र तुमच्या हातचं खाऊन सुखात राहतात.

हे मी एवढ्या ठामपणे का म्हणतेय? तारखांमुळे. टँकमध्ये कोण मेलं यापेक्षा कधी मेलं हे जास्त बोलकं असतं. नवी गोगलगाय दोन-तीन दिवसांत गेली तर बहुतेक वेळा प्रवासाचा किंवा खारटपणाचा धक्का. दोन-तीन महिने सावकाश आक्रसत गेली तर उपासमार, कारण आपण काच लख्ख ठेवतो आणि तिचं ताट रिकामं करतो. उन्हाळ्यात सगळ्या एकदम गेल्या तर तापलेलं पाणी आणि कमी झालेला प्राणवायू. तुमच्याकडे मात्र सात महिने सुखाने नांदलेल्या जुन्या पाच आधी गेल्या. त्या कुठल्याही पिशवीतून आल्या नव्हत्या, त्यांना पाण्याची सवय होती. म्हणजे टँकमध्येच काहीतरी बदललं. काय बदललं ते तुम्हीच लिहिलंय: दाणे लावले, स्किमर वाढवला, खाणं निम्मं केलं आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आलं.

हे शून्य तुम्ही कौतुकाने लिहिलंय. आपल्याकडे परीक्षेत शून्य मिळालं तर कोणी पेढे वाटत नाही. इथेही वाटू नका. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवंच, पण नायट्रेट आणि फॉस्फेट हे प्रवाळांचं, साध्या हिरव्या शेवाळ्याचं आणि उपयोगी जिवाणूंचं अन्न आहे. ते पार संपलं की ही मंडळी हटतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत डायनो पसरतात. त्यांना तुटवड्यात तग धरता येतो. काही जाती तर प्रकाशावर जगता जगता दुसऱ्या सूक्ष्मजीवांनाही गिळतात. केसाळ हिरवं शेवाळं गेलं याचा आनंद तुम्हाला झाला, पण ते शेवाळं टँकचा पहारेकरी होतं. दिसायला ओंगळ, कामाला इमानदार.

आता खात्री करू, कारण माझा अंदाज म्हणजे निदान नव्हे. संध्याकाळी, थर भरात असताना, एका छोट्या बाटलीत थोडा थर आणि टँकचं पाणी घ्या. जोरजोरात हलवा, तुकडा दिसता कामा नये. मग कॉफी गाळायच्या कागदी फिल्टरमधून ते पाणी काचेच्या पेल्यात गाळा आणि पेला दिव्याखाली तासभर ठेवा. डायनो असतील तर गाळलेल्या स्वच्छ पाण्यात पुन्हा तपकिरी धागे, शेंबडासारखे झुबके जमायला लागतात. डायटम असे पुन्हा जमत नाहीत. नीळहरित जिवाणूंचा थर असेल तर तो काढतानाच पापुद्र्यासारखा सुटून येतो, बहुतेकदा लालसर असतो.

याहून पक्कं म्हणजे सूक्ष्मदर्शक. ओळखीत कुणी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असेल तर त्यांच्या प्रयोगशाळेतला चालेल, १०० ते ४०० पट पुरे. ऑस्ट्रिओप्सिसच्या पेशी थेंबासारख्या, एका टोकाला निमुळत्या दिसतात आणि खुंटीला बांधलेल्या शेळीने त्याच गोलात फिरावं तशा एका टोकाभोवती झोके घेतात. होडीसारखे, काचेसारखे पारदर्शक आकार सावकाश सरकताना दिसले तर ते डायटम, मग दुकानदार बरोबर आणि मी चूक. आणखी एक शक्यता आहे: लंबगोल पेशी, वाळूच्या कणांमधून सुळकन इकडेतिकडे जाणाऱ्या. ती बहुधा अँफिडिनियम. ती रात्रीही वाळूतच राहते, म्हणून पुढे सांगते त्यातला यूव्हीचा, म्हणजे पाणी अतिनील दिव्याजवळून फिरवून त्यातले सूक्ष्मजीव मारण्याचा, उपाय तिला लागू पडत नाही. एवढ्यासाठीच आधी बघा, मग पैसे खर्च करा.

मधेच एक गंभीर गोष्ट. हा थर हाताला जखम असताना हाताळू नका, हातमोजे घाला, नळी तोंडाने ओढून सायफन करू नका आणि टँकमधला दगड कधीही उकळू नका. ऑस्ट्रिओप्सिसची विषं पॅलिटॉक्सिन नावाच्या जहाल विषाच्या कुळातली आहेत, आणि पॅलिटॉक्सिन तुमच्याकडच्या झोअँथिडमध्येही असू शकतं. झोअँथिड असलेले दगड उकळताना वाफेने माणसं रुग्णालयात पोचली आहेत. इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर २००५ च्या उन्हाळ्यात समुद्रातच ऑस्ट्रिओप्सिस माजलं होतं. समुद्राच्या तुषारांतून आलेल्या विषाने ताप, खोकला, धाप अशा तक्रारी घेऊन सुमारे २०० लोक डॉक्टरांकडे गेले. तुमच्या टँकमुळे असं काही होईल म्हणून हे सांगत नाहीये. पण घरात मूल असेल तर त्याचे हात या टँकपासून लांब ठेवा.

उपाय सांगते. पहिलं म्हणजे ते फॉस्फेटचे दाणे आजच काढा. स्किमर काही तासच चालवा. माशांना पूर्वीइतकं खायला द्या, बिचारे दोन महिने पथ्यावर आहेत. मग नायट्रेट ५ ते १० मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पर्यंत हळूहळू वर न्या. नुसत्या खाण्याने नायट्रेट चढत नाही असा अनुभव येईल, तेव्हा अ‍ॅक्वेरियमसाठी मिळणारं नायट्रेटचं द्रावण वापरा, किंवा शुद्ध सोडियम नायट्रेट. दगड-वाळू वजा जाता तुमच्याकडे १५० लिटर पाणी धरलं, तर १ मिलिग्रॅम प्रतिलिटर वाढवायला सुमारे ०.२ ग्रॅम लागतं. दिवसाला एवढंच, आणि रोज चाचणी. बागेतलं खत घालायचा मोह टाळा, त्यात अमोनियाही असतं आणि कधी तांबंही. फॉस्फेट सुरुवातीला घातल्या घातल्या गायब होईल, कारण फॉस्फेटला भुकेलेले दगड आणि वाळू ते आधी शोषून घेतात. शून्य दिसलं म्हणून दुप्पट ओतू नका.

दुसरं, थर वाळूवरून सायफनने ओढा, पण ओढलेलं पाणी बारीक जाळीच्या पिशवीतून गाळून टँकमध्ये परत सोडा. मोठे पाणीबदल सध्या थांबवा. पाणी बदललं की डायनो आणखी भरात येतात हा आमच्यापैकी अनेकांचा हात भाजल्यानंतरचा अनुभव आहे. पाण्यात उतरलेलं विष पकडायला सक्रिय कोळसा ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी बदला.

तिसरा यूव्हीचा दिवा. ऑस्ट्रिओप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतं, म्हणून तर तुमचा टँक सकाळी स्वच्छ दिसतो. तीच त्याला पकडायची वेळ. यूव्हीचं पाणी संपमधून, म्हणजे टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतून, न घेता थेट मुख्य टँकमधून घ्या आणि टँकमध्येच सोडा. त्यासोबत तीन दिवस अंधार करा, टँकला चारही बाजूंनी जाड कापड गुंडाळा. मऊ प्रवाळं तीन दिवस सहज काढतात. अंधारात डायनो मरतात तेव्हा प्राणवायू कमी होतो, म्हणून हवेचा पंप चोवीस तास चालू हवा. श्रिंप आणि माशांना कापडाच्या फटीतून चिमूटभर द्या.

गणपतीआधी सुटेल का? नाही. नायट्रेट-फॉस्फेट स्थिर व्हायला आणि थर हटायला तीन ते आठ आठवडे धरा, मध्ये एकदा ‘गेलं’ वाटून परत येईल तेही धरा. पण पाहुण्यांच्या बाबतीत तुमची सोय आपोआप होतेय. अंधाराचे तीन दिवस नेमके गणपतीत टाका. मखराच्या कापडातलं उरलेलं टँकवर घाला, कुणी विचारलं तर मासे झोपलेत म्हणा.

आता तुमच्या बाकीच्या संशयितांकडे. केसाळ किडे म्हणजे ब्रिसल वर्म. ते मेलेलं खातात. तुम्ही त्यांना प्रेताजवळ पाहिलं आणि चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. सात गेले, उरलेल्यांना राहू द्या, मेलेली गोगलगाय पाण्यात सडण्याआधी तेच तिची विल्हेवाट लावतात. हर्मिट खेकडा शंखाच्या हव्यासाने एखादी गोगलगाय मारू शकतो, पण एकट्याने तेरा नाही, आणि मारली असती तर एव्हाना तो टर्बोच्या बंगल्यात राहायला गेला असता.

तांबं खरंच घातक आहे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याची औषधं सर्रास वापरतात, आणि ती टँकमध्ये एकदा पडली की दगड ती शोषून धरतात. पण तांबं असतं तर तुमचा क्लीनर श्रिंप मजेत राहिला नसता. डासांच्या धुराचंही तसंच. त्या फवारणीतली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं श्रिंप-खेकड्यांना गोगलगायींपेक्षा कितीतरी आधी मारतात. तो श्रिंप तुमचा साक्षीदार आहे, त्याची जबानी ऐका. तरी पुढच्या फवारणीला खिडक्या लावून घ्या आणि हवेचा पंप तासभर बंद ठेवा, तो खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो. मॅग्नेशियमचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, तर ते जास्त चढवायच्या भानगडीत पडू नका. प्रयोगशाळेत समुद्री गोगलगायींना भूल द्यायला मॅग्नेशियम क्लोराइडच वापरतात, यावरून काय ते समजा.

खारटपणावर मात्र मी जरा थांबणार आहे. तुमच्या टँकमधला मुख्य गुन्हेगार तो नसला तरी नव्या नऊपैकी दोन-चार त्यानेही घेतल्या असतील. आणि यात माझेही हात काळे आहेत. सुरुवातीच्या वर्षी माझ्याकडेही काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर होता. काट्यावर मिठाचा कण बसला, बुडबुडा चिकटला की तो बिनदिक्कत खोटं बोलतो. माझा महिनोन्महिने १.०२५ म्हणत होता, मैत्रिणीच्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा मोजणाऱ्या साधनावर, तेच पाणी १.०३१ निघालं. एवढ्या काळात मी दुकानाला, कुरिअरला, लोडशेडिंगला, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या होत्या.

माशाचं शरीर आतला खारटपणा स्वतः सांभाळतं. समुद्री गोगलगायीला ते जमत नाही. बाहेर जेवढं मीठ तेवढं तिच्या आत, त्यामुळे एकदम जास्त खाऱ्या पाण्यात टाकली की तिचं पाणी बाहेर ओढलं जातं. मिठात घातलेल्या कैरीच्या फोडी आठवा. आणि पुष्कळ दुकानं माशांचं पाणी मुद्दाम कमी खारट ठेवतात, १.०१८ ते १.०२० च्या आसपास. मीठ वाचतं आणि माशांचे परजीवीही दबतात. तिथून तुमच्या १.०२५ च्या, कदाचित त्याहून खाऱ्या पाण्यात अर्ध्या तासात उडी. मासा सोसतो. गोगलगाय अंग शंखात ओढून घेते, चौथ्या दिवशी वास येतो.

तर रिफ्रॅक्टोमीटर घ्या. तो साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून खूश होऊ नका, आपल्याला ज्या आकड्याशी काम आहे तिथे तो तपासा. ‘३५’ चं, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार इतक्या खारटपणाचं, तयार द्रावण मिळतं, नाहीतर घरी करा: ३.६५ ग्रॅम शुद्ध मीठ आणि ९६.३५ ग्रॅम आरओचं पाणी. समुद्राच्या पाण्यासाठी बनवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर हे ३५ दिसायला हवं, म्हणजे १.०२६ च्या अगदी जवळ. याला सोनाराकडे असतो तसा बारीक काटा लागेल, स्वयंपाकघरातला वजनकाटा नको. दहापट प्रमाण घेतलंत तर तोही चालेल.

रत्नागिरीच्या गोगलगायी? मामाकडे मासे खा, शिंपल्या खा, पण टँकसाठी काही आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली काही समुद्री शंखांच्या जातींना आणि खऱ्या दगडी प्रवाळांना संरक्षण आहे, आणि खडकावर वाकून जात ओळखणं तुमच्या-माझ्या हातचं नाही. शंकूच्या आकाराच्या गोगलगायी तर विषारी दाताने डंख मारतात. शिवाय पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी पाणी इतकं गोडं झालेलं असतं की तिथल्या जिवाला तुमचा टँक म्हणजे मिठागर.

पुन्हा गोगलगायी कधी आणायच्या? थर दिसेनासा झाल्यावर पूर्ण एक महिना जाऊ द्या. मग एकच आणा. बादलीतली वाचली असेल तर तिलाच आधी सोडा. आणणार असाल तर ट्रोकस किंवा सेरिथ मागा. ट्रोकस उलटी पडली तर स्वतः सुलटी होते, अस्ट्रिया बहुधा होत नाही आणि तशीच मरते. ‘मार्गारिटा’ म्हणून विकतात ती तर थंड समुद्रातली आहे, २६ अंशांत ती फार दिवस काढत नाही. पिशवीतलं पाणी आधी मोजा. मग हवेच्या बारीक नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंबथेंब दोन तास, फरक मोठा असेल तर त्याहून जास्त वेळ पडू द्या. दुकानातलं पाणी टँकमध्ये ओतू नका. टाकण्याआधी शंखाच्या तोंडाशी तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगायी चिकटलेल्या नाहीत ना ते बघा. त्या पिरॅमिडेलिड, मोठीचं रक्त पिऊन जगतात.

आणि वाळूवर निपचित पडलेली गोगलगाय मेलीय की दमलीय हे कळत नसेल तर उचलून नाकाशी न्या. सुकट आवडीने खाणाऱ्या घरातसुद्धा त्या वासाबद्दल दुमत होत नाही. वास नसेल आणि झाकण आत ओढलेलं असेल तर जिवंत आहे, ठेवा परत.

ते तेरा शंख फेकले नसतील तर गोड्या पाण्यात आठवडाभर भिजत घाला, रोज पाणी बदला, गच्चीत उन्हात वाळवा. उकळायचं नाही, आधीच सांगितलंय. त्यांतले दोन-तीन मोठे, वेगवेगळ्या मापांचे टँकमध्ये ठेवा, खेकड्याला घर बदलायला लागतं. कागदी फिल्टरच्या पेल्यात तासाभराने काय दिसलं ते मात्र मला लिहा, दिवे किती वाजता लागतात-विझतात त्या वेळेसकट.